ओढ्यापलीकडचा नर

नाही, तो डबा ठेवा परत. ती बदकांची काडतुसं, पोलादी छऱ्यांची — घाईत सगळे तोच उचलतात, कारण तो नजरेच्या उंचीवर आहे, आणि तो तिथे आहे कारण सासऱ्यांना मागच्या हंगामाचा माल खपवायचाय. मी सांगितलं म्हणून सांगू नका. बंदूक कुठली तुमची? जुनी, आजोबांची वगैरे असेल तर पोलाद घालूच नका, त्या नळ्यांचं तोंड आवळलेलं असतं, पोलाद दबत नाही, मग नळीच फुगते. नवी आहे? बारा बोअर. बरं. तरी बदकांची नकोत. टर्कीला अंगावर मारून काही होत नाही — पिसांचं चिलखत असतं ते, जखमी होऊन झाडीत शिरतो आणि कोल्ह्यांच्या कामी येतो. डोकं आणि मान, एवढंच. अक्रोडाएवढं डोकं, तेही सारखं हलणारं. म्हणजे छर्रे बारीक हवेत, भरपूर हवेत, आणि एका जागी दाट पडायला हवेत.

ही बघा, ही शिशाची, पाच नंबर. ही सहा नंबर, जरा बारीक. आमच्याकडचे निम्मे लोक हीच नेतात. आणि सोमवारी हंगाम उघडायच्या आधी, उद्याच्या उद्या, मोठ्या कागदावर टर्कीचं डोकं काढा आणि दोन्ही मारून बघा. डब्यावर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका. प्रत्येक बंदुकीचं कुठल्या तरी एकाच काडतुसाशी जमतं, बाकीची ती चारी दिशांना उधळून देते, आणि कोण कुठे उधळणार ते कागदावर मारल्याशिवाय कळत नाही. माणसांच्या बाबतीत तशी सोय नाही.

हसू नका, मी विनोद करत नव्हते. मला विनोद करता येत नाहीत — मला बोलताच येत नाही म्हणतात. चर्चमध्ये मासे तळायचा कार्यक्रम असतो ना, तिथे सासूबाई माझी ओळख करून देतात, ‘ही आमची सून, डिलेनी, मुकी नाहीये, विचारलंत तर बोलते.’ मग सगळ्या बायका काहीतरी विचारतात. मग मी बोलते. मग त्या दुसऱ्या टेबलाकडे जातात.

किती? साठ यार्ड? साठ यार्डांवरून कशाला मारता? नाही, मारता येतं हो, आता सगळं येतं. ही वरच्या फळीवरची — टंगस्टन. शिशापेक्षा जड, म्हणून छर्रा मोहरीएवढा केला तरी लांब जातो, नवी बंदूक आणि आवळलेलं तोंड असेल तर साठावरही दाट पडतो. पण शिकार ती नव्हे. निदान आमच्या बाबांच्या मते नव्हे. झाडाला पाठ लावून बसायचं, लाकडी डबी घासून मादीचा आवाज काढायचा, आणि तो आपल्या पायांनी तीस-चाळीसाच्या आत आला पाहिजे. नाही आला तर टोपी काढायची आणि घरी जाऊन न्याहारी करायची. बाबा म्हणायचे, लांबून मारायचंच असेल तर त्याला पत्र पाठव, बंदूक कशाला.

तो येणारच नाही? का बरं? मध्ये पाणी आहे. ओढा. हं. टर्की पाणी ओलांडायला कंटाळतात, खरंय. काठावर येऊन नाचतात, फुगतात, आरवतात आणि तिथेच थांबतात. तुम्ही या गावात नवीन दिसता, आणि तुम्हाला त्या एका नराचं हे सगळं माहीत आहे. कुंपणाजवळ देवदार आहे, त्याच्याखाली बसायचं — असंच ना? आणि पलीकडे सपाटी, तिच्या टोकाला वीज पडून जळालेलं सायकामोरचं झाड.

आहे ना.

नाही, काही नाही. फडताळाची काच तेवढी लावते. उघडी राहिली की सासरे बोलतात.

कुणी सांगितलं म्हणालात? कोर्बिन. कोर्बिन टॅकेट. हो, ओळखते. म्हणजे ऑक्टोबरपासून ओळखते. त्याच्या आधी वाटायचं की ओळखते. तुमच्या गिरणीत फळ्या रचतो तो, व्हिस्कीच्या पिंपांच्या — तुमच्या म्हणजे, टोपीवर गिरणीचं नाव आहे म्हणून म्हटलं. अच्छा. मिस्टर प्रुइट. नवे मॅनेजर. तरीच. घरी जेवताना रोज तुमचंच नाव असतं. प्रुइट साहेब असे, प्रुइट साहेब तसे, जुना मुकादम जूनमध्ये निघतोय आणि प्रुइट साहेबांना टर्कीची भारी हौस पण इकडे त्यांची कुठे ओळखच नाही. मी त्याला अजून भाजी वाढत होते. मला वाटलं, गप्पा मारतोय.

ती जमीन कोणाची, ते सांगितलं का? सासऱ्याची. बरोबर, त्याच्या सासऱ्याची. आणि सासऱ्याला विचारायची गरज नाही असं म्हणाला? ‘म्हातारा आता असून नसल्यासारखा आहे, त्याला काही कळत नाही.’ असंच म्हणाला? याच शब्दांत? राहू द्या, तुम्ही ओशाळू नका. तुम्हाला काय माहीत काउंटरमागे कोण उभंय. अंगठी मी कामाच्या वेळी काढून ठेवते, काडतुसांच्या डब्यांना घासते.

तर त्या नराचं सांगते, तुम्हाला उपयोगी पडेल. तीन वसंत झाले, तो तिथे आहे. पहिल्या वर्षी मी माहेरीच होते, बाबांच्या शेजारी त्याच देवदाराखाली बसायचे. बाबा डबी घासायचे, तो आरवायचा, काठापर्यंत यायचा, पिसारा फुलवून इकडून तिकडे, इकडून तिकडे, एखाद्या लग्नातल्या व्याह्यासारखा — आणि ओढा काही ओलांडायचा नाही. बाबांनी बंदूक कधी उचलली नाही. ओढ्यापलीकडे बार टाकायचा नाही, हा नियम. कोणाचा? त्यांचाच. कुठे लिहिलेला नाही. दुसऱ्या वर्षीही तेच. एकदा मी म्हटलं, बाबा, मारा ना, लागेल. तर म्हणाले, लागेल गं, पण मग उद्या कोणाशी बोलू? आई गेल्यापासून ते कोणाशी फारसं बोलत नसत. माझं बोलणं त्यांच्यावरच गेलंय.

ऑक्टोबरात लग्न झालं आणि महिन्याभरात बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळतं सगळं. डॉक्टरही म्हणाले, कळतं सगळं. घर देवदारामागच्या उतारावरच आहे, पलीकडची सपाटी बरोब्बर समोर. मार्चपासून माझी आत्या त्यांना पहाटे पडवीत आणून बसवते, पांघरूण घालून. खाली तो आरवला की बाबा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर घासतात. डबी घासल्यासारखा. एवढंच. दिवसभरात ते आपणहून करतात ती एवढी एकच गोष्ट. तो पुन्हा आरवतो, हे पुन्हा घासतात. आवाज कसला येत नाही, पण चालू असतं दोघांचं.

ती जागा इकडे कोणी कोणाला सांगत नाही, साहेब. बायकोचं वय सांगतील, पण टर्की कुठल्या झाडावर झोपतो ते सख्ख्या भावाला सांगणार नाहीत. मी सांगितली. मार्चमध्ये, डॉगवूड अजून फुललाही नव्हता, मी कोर्बिनला अंधारात तिथे घेऊन गेले. थर्मासमध्ये कॉफी घेतली, त्याच्या आवडीचे सॉसेज घातलेले छोटे पाव घेतले. मला वाटलं, लग्नात आपण काहीच आणलं नाही, हे तरी देऊ. तो नर आरवला, वर पडवीतला दिवा दिसत होता. आणि कोर्बिननं खिशातून ते अंतर मोजायचं यंत्र काढलं, डोळ्याला लावलं आणि म्हणाला, ‘साठ.’

मी म्हटलं, काय साठ? म्हणाला, काही नाही, सहज. मला बरं वाटलं. म्हटलं, रस घेतोय.

म्हणून विचारलं तुम्हाला, साठच का. पन्नास म्हणाला असतात तर मी तुम्हाला शिसं देऊन मोकळी झाले असते.

हा घ्या तुमचा डबा. टंगस्टन, नऊ नंबर, तीन इंची. नाही, असू द्या, ठेवू नका परत. दुकान आहे हे, कोण कशाला मारणार हे विचारून माल द्यायचा नसतो, सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. चांगला माल आहे. बसेल बार. आणि कोर्बिनला मुकादम करा, खरंच सांगते, दुसऱ्याचं आहे ते वाटून द्यायला त्याच्यासारखा माणूस मिळणार नाही.

एकच. इकडचा रिवाज तुम्हाला कोणी सांगितला नसेल. ज्याच्या जमिनीवर पक्षी मारला त्याला नेऊन दाखवायचा असतो. पाय धरून उचलायचा, छाती त्याच्याकडे करायची, आणि आभार मानायचे. तुमची गाडी वरच उभी असणार, दुसरी वाटच नाही, पडवीवरूनच जावं लागेल. तेवढं करा. बाबा बघतील. हात मात्र घासणार नाहीत.

पण मला वाटतं तशी वेळ येणार नाही. कारण सोमवारी अंधारात तुम्ही त्या देवदारापाशी याल तेव्हा तिथे आधीच कोणीतरी बसलेलं असेल, आणि त्यालाही रिवाज आहे. जो आधी झाडाला पाठ लावून बसला, झाड त्याचं. हाक मारायची नाही, वाद घालायचा नाही, आल्या पावली मागे फिरायचं. तुम्ही सभ्य गृहस्थ दिसता, फिराल. बॅटरी एकदाच चमकेल. ती मी. मंगळवारीही मीच असेन, आणि बुधवारी. दुकान सकाळी दुसरं कोणीतरी उघडेल, कोर्बिनला स्वयंपाक येतो, अंडी तरी येतात. परवाना आहे माझ्याकडे, दरवर्षी काढते. बंदूक बाबांची.

काडतूस? नाही हो. नुसतं बसायला काडतूस लागत नाही.

जाताना दार जोरात ओढा. पावसाळी हवेत चिकटतं ते.