कान पिळायची परवानगी

माझी शाळा लवकर सुटली. शुद्धलेखन कच्चं आहे, शब्दही साधेच, तेवढं सांभाळून घ्या.

मी आणि माझा मित्र देवा, दोघांनी मिळून पांढुर्ण्याच्या बाजारात एका संत्र्याच्या दलालाला चोप दिला. सौंसरच्या कोर्टानं आम्हाला वर्षभराच्या चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडलं. अट अशी की दोघांनी भेटायचं नाही, बोलायचं नाही. मोडली तर जेल. त्यातच माझ्या ताईचं लग्न देवाशीच ठरलं! नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा, आणि भाऊ मी एकटाच.

प्रोबेशनचे साहेब म्हणाले, "अट कोर्टाची आहे, मी कसा मोडू? अर्ज कर."

अर्ज वाचून मॅजिस्ट्रेट हसले. लग्नाच्या एका दिवसापुरती सूट मिळाली.

मांडवात मी देवाचा कान धरला, तो सोडलाच नाही.

"सोड ना बे, तुटून राहिला!" देवा ओरडला.

मी लाजतच म्हणालो, "परवानगी दिवसभराची हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला माहेरी आणायला मी देवाच्या गावी, रामाकोन्याला गेलो आणि फाटकाबाहेरूनच ओरडलो, "ताई, भाऊजीले मागच्या दारानं वावरात धाड, मी घरात येऊन राहिलो!"