टाचेची चप्पल

नकली पाय बसवतात तिथे आमच्या शेजारच्या बाकावर दोघी जावा बसल्या होत्या. धाकटीने आपला पाय आणि उंच टाचेची नवी चप्पल आत कारागिराकडे दिली होती.

"लेकीच्या लग्नात सपाट चप्पल चालली नसती का गं?"

"बारा वर्षं सपाटच घातली, जाऊबाई. आता नाचायचं ते टाचेवर."

"बरं, तुझ्या पायाची गोष्ट विचारायला आलेल्या त्या बातमीदाराला काय सांगितलंस? बॉम्ब कशासाठी ठेवला म्हणे त्यांनी?"

"जनतेसाठी! त्यांच्या पत्रकातच होतं. मी जनताच होते की, बसच्या रांगेत तिसरी. विचारलं असतं तर म्हटलं असतं, मला बस तेवढी हवी आहे."

"राग असेल गं त्यांना."

"होता, आणि खराही होता. पण मंत्र्याच्या दारात पहारा. बसथांब्यावर कोण होतं? रागालासुद्धा सोय कळते, जाऊबाई."

कारागीर पाय घेऊन बाहेर आला.

"घाला. तोल गेला तर मात्र टाच विसरा, पुन्हा सपाट करून देईन. चालून दाखवा."

"चालून कशाला? नाचूनच दाखवते. जाऊबाई, ताल धरा!"

बाकांवर आम्ही सातजण होतो, पाय मोजून अकरा. ताल सगळ्यांनी धरला. दुसऱ्या गिरकीनंतर कारागिराने हातातला पाना खिशात टाकला.