वासुकीतला लाल तारा

उत्तराबाई : पुन्हा सांगते सहदेव, तो तारा मंदावत नाहीये.

सहदेव : बाई, सातवीत तुम्हीच सांगायचात ना, पुस्तकावर जाऊ नका, डोळ्यांनी बघा? मी बघतोय. संक्रांतीपासून बघतोय. वासुकी तारकासमूहातला तो लाल तारा खाली चाललाय.

उत्तराबाई : तो फुगतो, आकसतो, आणि तसतसा त्याचा उजेड कमीजास्त होतो. हे स्पंदन तर त्याचं नेहमीचंच...

सहदेव : ते मला ठाऊक आहे. मी त्याच्या पलीकडचं बोलतोय. भरती-ओहोटी चालूच आहे, पण अख्खा समुद्रच खाली उतरतोय. अशी लांब पल्ल्याची उतरण असते काही ताऱ्यांत. धूळ आडवी येते, वर्षानुवर्षं चालतं. तुम्हीच शिकवलंत.

उत्तराबाई : असते. ह्या ताऱ्यात सध्या नाही.

मालन : बाई, चहा घ्या आधी. आणि ह्यांना जरा लवकर मोकळं करा हां. आज मालगाडी आहे ह्यांची. संध्याकाळी कुर्ल्याला हजर व्हायचंय, नि डबा भरायचाय अजून.

उत्तराबाई : आज गाडी आहे?

सहदेव : आहे की. इगतपुरीपर्यंत. का?

उत्तराबाई : मग बरं झालं मी आले ते. फोनवर तू ऐकलं नसतंस.

सहदेव : मुलुंडहून भर उन्हात रिक्षा करून नाहूरला आलात, ते एका ताऱ्यासाठी? म्हणजे तुम्हालाही कुठेतरी वाटतंय, मी म्हणतो त्यात काहीतरी आहे.

उत्तराबाई : हे बघ. मोबाईल नीट धर. हे सगळे काळे ठिपके म्हणजे आपल्या निरीक्षण गटाच्या नोंदी. प्रांजलचे, माझे, बोरिवलीच्या मंडळींचे. ही अनुपमाने कॅमेऱ्याने मोजलेली रेघ. आणि हे निळे ठिपके तुझे एकट्याचे.

सहदेव : लाल तारा प्रत्येकाला थोडा वेगळा दिसतोच, बाई. माणसागणिक फरक येणारच.

उत्तराबाई : येतो. पण तो फरक ठरलेला असतो रे. इतकी वर्षं तू लाल तारे आमच्यापेक्षा जरा उजळ धरायचास. मी डोळे मिटून सांगायचे, हा आकडा सहदेवचा. संक्रांतीनंतर तू आमच्याबरोबर आलास. मग आमच्या खाली. आता दर पंधरवड्याला आणखी खाली.

सहदेव : मग तुम्ही सगळे चुकताय. एकदा असं झालेलं आहे की नाही जगात?

उत्तराबाई : झालंय. म्हणून मी तुझे बाकीचे तारेही काढून बघितले. पांढऱ्या ताऱ्यांत तुझा एकही ठिपका हललेला नाही. आणि लाल तारे तू तीन बघतोस. तिन्ही उतरतायत. तिघं आकाशात तीन टोकांना. एकमेकांना विचारून उतरतायत का?

मालन : म्हणजे काय हो बाई? मला नाय कळलं.

उत्तराबाई : सांगते. सहदेव, तू बोल ना काहीतरी.

सहदेव : तुम्हाला म्हणायचंय काय ते सरळ म्हणा.

उत्तराबाई : तुला लाल रंग नीट दिसतो का?

सहदेव : बाई! इंजिन चालवतो मी. आमचे डोळे रेल्वे तपासते. पास आहे मी, चष्म्याशिवाय.

उत्तराबाई : कधी तपासले?

सहदेव : गेल्या पावसाळ्यात.

उत्तराबाई : आणि तारा कधीपासून उतरतोय म्हणालास?

मालन : अहो... ते टोमॅटो.

सहदेव : कसले टोमॅटो?

मालन : तुम्ही आणलेले. निम्मे हिरवे होते. मी खाली जाऊन त्या भाजीवाल्याशी भांडून आले, की माझ्या माणसाला फसवलंस म्हणून. तो म्हणाला, ताई, साहेबांनी एकेक निवडून घेतलेत. मी म्हटलं खोटं बोलतोस.

सहदेव : घाईत घेतले असतील. तू गप रव गो जरा.

उत्तराबाई : तिला गप्प करू नकोस. मला सांग, सध्या काही औषध वगैरे चालू आहे का तुला? मानेला मध्ये पट्टी होती तुझ्या. गळू म्हणालास.

सहदेव : गळूच होतं.

मालन : गळू नव्हतं, बाई.

सहदेव : मालन!

मालन : किती दिवस गप बसू? गाठ होती. टीबीची. दिवाळीपासून गोळ्या चालू आहेत. रोज उपाशीपोटी.

उत्तराबाई : रेल्वेच्या डॉक्टरांना माहीत आहे?

सहदेव : खाजगीत दाखवलं. खोकला नाही, ताप नाही, गाठीचा टीबी कोणाला लागत पण नाही. सांगितलं असतं तर त्याच दिवशी गाडीवरून उतरवलं असतं. न सांगता काय बिघडत होतं, थोड्या महिन्यांत गोळ्या संपल्या असत्या नि विषय मिटला असता!

मालन : डॉक्टरांनी बजावलं होतं. मी शेजारी बसले होते. म्हणाले, ह्यातल्या एका गोळीने क्वचित डोळ्याच्या नसेला त्रास होतो, नजरेत काही वेगळं वाटलं, रंग फिके वाटले, तर त्याच दिवशी या. तुम्ही नुसती मान हलवलीत.

सहदेव : मला वाटलं धूसर दिसायला लागेल. कुठे धूसर दिसतंय? पेपर वाचतो, मोबाईल वाचतो. तारे मोजतो!

उत्तराबाई : पांढरे. सिग्नल कसा ओळखतोस तू?

सहदेव : तांबडा सगळ्यात खाली. हिरवा, पिवळा कुठे ते पाठ आहे. झोपेत विचारा.

उत्तराबाई : रात्री खांब दिसतो?

सहदेव : रात्री निलेश असतो ना. माझा असिस्टंट. नियमच आहे, सिग्नल दिसला की दोघांनी मोठ्याने बोलायचं.

उत्तराबाई : आधी कोण बोलतं?

सहदेव : कोणीपण.

उत्तराबाई : हल्ली कोण बोलतं?

सहदेव : हल्ली... तो बोलतो. मग मी.

मालन : अगं बाई. म्हणजे तुम्ही त्या पोराच्या डोळ्यांनी गाडी चालवताय?

सहदेव : ओरडू नको. शेजारी ऐकतील.

मालन : ऐकू देत! मी घरात देवापुढे दिवा लावून बसते, आणि तुम्ही...

सहदेव : काही झालं नाही, मालन. थांबली होती गाडी.

उत्तराबाई : कुठली गाडी?

सहदेव : काही नाही.

उत्तराबाई : सहदेव, कुठली गाडी थांबली होती?

सहदेव : कसाऱ्याच्या अलीकडे. गेल्या आठवड्यात, रात्री. मागचा सिग्नल पिवळा होता, म्हणून हळू केलीच होती मी. पुढचा बघितला तर तोही पिवळाच. म्हटलं, पुढे मोकळं झालं, जाऊ दे. जरा सोडली. निलेश पाणी पीत होता. त्याने बाटली टाकली नि ओरडला, डेंजर! म्हणजे तांबडा. मी ब्रेक मारला. थांबली. सिग्नलच्या आधी थांबली, बाई. पण मला पिवळाच दिसला होता. आता, ह्या क्षणी, डोळ्यांसमोर आणला तरी पिवळाच आहे तो.

उत्तराबाई : निलेश काय म्हणाला?

सहदेव : काही नाही. म्हणाला, काका, झोप झाली नाही का? मी हो म्हटलं.

मालन : फोन करा. आत्ता करा. ताप आलाय म्हणून सांगा.

सहदेव : ताप?

मालन : पोट बिघडलं सांगा, काही सांगा. आज जाऊ नका. मग बघू डॉक्टरांचं.

उत्तराबाई : आजची गाडी टळेल, मालन. परवाची?

मालन : परवाचं परवा बघू ना, बाई! डोळे म्हटलं की संपलंच सगळं. परत चढू देतील का ह्यांना गाडीवर? तुम्ही बोलून जाल मुलुंडला. घरात आम्ही राहणार.

उत्तराबाई : खरं आहे तुझं.

सहदेव : गिरणी बंद पडल्यावर माझे वडील ह्याच घरात बसले. खिडकीजवळ. सकाळी भोंग्याच्या वेळेला उठायचे, आंघोळ करायचे, शर्ट-पँट घालायचे नि बसायचे. संध्याकाळपर्यंत. माका तसा बसूचा नाय, बाई. मला खुर्चीवर बसवतील. कोणाचे तरी फोन घ्यायला.

उत्तराबाई : बसवतील कदाचित. मी खोटं सांगणार नाही. पण लवकर लक्षात आलं तर बऱ्याच जणांचे डोळे परत येतात, असं माझ्या भाचीने सांगितलं. ती डोळ्यांची डॉक्टर आहे, काल रात्रीच मी तिला फोन केला होता. उशीर झाला तर सांगता येत नाही म्हणाली. आणि गोळी तू आपल्या मनाने बंद करायची नाहीस. तुझ्या डॉक्टरांकडे आत्ता जायचं. मी येते बरोबर.

सहदेव : काल रात्रीच ठरवलं होतंत तुम्ही?

उत्तराबाई : ठरवलं काहीच नव्हतं. रात्रभर मला वाटत होतं, मीच चुकलेली असू दे. तारा खरंच उतरत असू दे.

सहदेव : मलाही वाटत होतं, बाई. मला वाटलं, चला, आयुष्यात एकदा आपल्याला काहीतरी सापडलं.

मालन : अहो, वेळ होतेय. तिकडे वाट बघतील.

सहदेव : दे तो मोबाईल.

मालन : ताप म्हणाल ना?

सहदेव : थांब... हां, हॅलो. नमस्कार साहेब, सहदेव तावडे बोलतोय. आजच्या गाडीवर मी येत नाही... नाही, दुसरा माणूस आत्ताच बोलवा, गाडी अडकायला नको... नाही, ताप नाही.

मालन : अहो!

सहदेव : डोळे, साहेब. लाल रंग नीट दिसत नाही मला... मस्करी कशाला करू? औषध चालू आहे, त्याचं आहे बहुतेक... हो, आधी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं... लिहा ना. मी बोललो तसंच लिहा. सही करायला येतो मी उद्या... आणि साहेब, एक काम. निलेशचा डबा मी आणणार होतो आज. त्याला सांगा, खाऊन घे म्हणून. नाहीतर तो रात्रभर उपाशी राहील... हां. ठेवतो.

उत्तराबाई : मी रिक्षा बघते खाली. तुम्ही या दोघं.

सहदेव : कित्याक रडतंस, मालन? काढ तो पदर तोंडावरून. चल, फाईल घे डॉक्टरांची.

मालन : भाजी गॅसवर आहे.

सहदेव : मी बंद करतो. तू चपला घाल.

(गणपती होऊन गेल्यावर. मुलुंडला, उत्तराबाईंच्या घरी, दिवेलागणीला.)

उत्तराबाई : मग, काल काय म्हणाले डोळ्यांचे डॉक्टर?

सहदेव : उजव्याने रंग बरेच आलेत. डावा मागे रेंगाळलाय. म्हणाले, गोळी तेव्हाच बदलली म्हणून निभावलं, अजून महिना काढला असतात तर अवघड होतं.

मालन : गाठ पण गेली, बाई. हात लावून बघितलं तरी लागत नाही.

उत्तराबाई : आणि ऑफिसात?

सहदेव : आजार लपवला म्हणून चौकशी झाली, शिक्षा व्हायची ती झाली. चूक माझीच होती, मी मान्य केली. आता नव्या पोरांना सिग्नलचे नियम शिकवतो.

उत्तराबाई : खुर्चीवर?

सहदेव : खुर्चीवर. पण मी उभा राहूनच शिकवतो, तुमच्यासारखा. गाडीवर परत घेतील की नाही, ते पुढच्या तपासणीत ठरेल. नाही घेतलं तर... बघू. निलेश येऊन गेला रविवारी. जाताना मालनला म्हणाला, काकू, चौकशीत काकांनी माझं नाव कुठेच येऊ दिलं नाही.

मालन : मग मी जेवू घालूनच पाठवला त्याला.

उत्तराबाई : बरं, एक विचारायचं होतं. वर्षभराची निरीक्षणं पाठवायची आहेत. तुझे ते महिने आहेत ना, संक्रांतीपासूनचे, ते काढून टाकावेत असं अनुपमाचं म्हणणं आहे. सगळ्यांचा आलेख बिघडतो. मी म्हटलं, तुला विचारल्याशिवाय काढणार नाही.

सहदेव : तुमचं काय मत?

उत्तराबाई : माझं राहू दे. तू बघितलंस, तू सांग.

सहदेव : हिशोबात धरू नका. पण पुसू पण नका. मी त्या रात्री गच्चीवर होतो, आकाश स्वच्छ होतं, नि मला तसंच दिसलं होतं. नाव माझंच राहू दे. फक्त खाली शेरा लिहा.

उत्तराबाई : काय लिहू?

सहदेव : लिहा, तारा बरा होता.

मालन : आणि बघणारा?

सहदेव : तो होतोय.