शिडीवरचे आप्पा

मी बाबू, पालीचा. आमची बौद्धवाडी पऱ्ह्याच्या, म्हंजे ओढ्याच्या, पलीकडं, बाप कलमांच्या बागेत राखणीला, आय तिथंच पातेरा, वाळका पाला, गोळा करायची, मंग मी कुठं जाणार, आंबे काढायलाच लागलो. हंगामात मी शिडीवर आणि बागवाले आप्पा खालून ओरडतायत, देठ ठेव रे, देठ ठेव, असं आमचं चाललेलं असतं.

आता ह्या नाटकाचं काय सांगू तुमाला. हायस्कुलातल्या सरांनी जातीवर नाटक लिहिलं, स्पर्धेसाठी. त्यात घर नाय, झाड नाय, नुसती शिडी. सर बोलले, ही शिडी नव्हे, ही जात हाय. मी बोललो, सर, ही आप्पांच्या बागेतली हाय, मीच आणली. सर बोलले, त्यालाच प्रतीक म्हणतात. वरच्या पायरीवर आप्पा, कारण तालमीला त्यांच्या घरापुढचं खळं नि चहा पण त्यांचा. खाली खांद्यावर शिडी धरून मी, सबंध नाटकभर. शेवटाला मी शिडी सोडायची, ताठ मानेनं लोकांतून चालत जायचं, आणि दिवे बंद. माझं काम तेवढंच, पण आय पुढं बसणार व्हती, तिनं बजावलेलं, मान खाली घातलीस तर घरात घेणार नाय.

प्रयोगाला शेवट आला, मी खांदा काढणार, तर वरून आप्पा हळूच बोलले, बाबू, सोडू नको रे, मी पडेन. शिडी मागं बांबूला आवळलेली, डुलायची पण पडायची नाय, हे आप्पांना सांगून सांगून माझं तोंड दुखलेलं. वर म्हातारा माणूस, समोर आय. मी बोललो, आप्पा, एकेक पाय टाका नि उतरा, काय होत नाय. आणि सोडली. चाललो.

दिवे बंद व्हायला हवे व्हते, पण दिवेवाला आ वासून बघत बसला. आप्पा एका हातात धोतर, एका हातात शिडी, बूड टेकत टेकत खाली येतायत, तोंडानं देवाचं नाव. लोक आधी हसले, मंग टाळ्या. परीक्षक बोलले, शेवट लय खोल हाय. सर बोलले, मुद्दामच तसा बसवला. आप्पांनी हार घेतला.

घरी येताना आयला विचारलं, कसा चाललो गो? ती बोलली, तुला कोण बघतोय. मी उभा जन्म आप्पांच्या खळ्यात मान वर करून बोलले, माझ्याशी बोलायला ओटीवरनं एक पायरी कधी खाली आले नाय ते. आज पयल्यांदा उतरताना बघितले. हसता हसता रडली माझी आय, मला पण रडू आलं, लपवत नाय.

आता सर सावर्ड्याला प्रयोग लावतायत. आप्पा तयार हायत, त्यांना हार आवडला. आयला लांबचं धड दिसत नाय, म्हणून तिनं पुढची खुर्ची सांगून ठेवलीय. आप्पांच्या गुडघ्यांना बळ मिळो, माझं एवढंच मागणं.