बेल्ट गायलाच नाही

नाही मास्तर, आवाज नाहीये. तुम्ही चारदा सांगितलंत, मी चारदा ऐकून घेतलं, आता माझं ऐका — परवा या गाडीचा टायमिंग बेल्ट मी बदलला, स्वतःच्या हाताने, आणि आत्ता पाच मिनिटं चालू इंजिनाला कान लावून उभा आहे. काय ऐकू येतंय? इंजिन. तेच येणार ना! — शिट्टी? बारीक शिट्टी, रेस दिली की चढते? द्या रेस. द्या हो, घाबरता काय... हं. कुठाय? बोटाने दाखवा.

एकतीस वर्षं झाली मला या कामात, एकतीस. आणि ओरडू नका, तुमचं बोलणं मला नीट ऐकू येतंय. बायकोचंही हेच — मुलीच्या बाळंतपणाला गेलीय, महिना झाला — रोज फोनवर एकच, कान दाखवून या, कान दाखवून या. कशाला दाखवू? कान काय पळून चाललेत?

बरं, बंद करा गाडी. कव्हर काढतो. तुमच्या समाधानासाठी काढतोय हं, मला शंका आली म्हणून नाही. नवा बेल्ट कसा ताणतात माहितीये? मापं असतात, असतात की, पण माझी पद्धत वेगळी — टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारी पुली, थोडा सरकवायचा, गाडी चालू करायची, बंद करायची, परत थोडा सरकवायचा. ताण जास्त झाला की बेल्ट गायला लागतो, बारीक सूर धरतो. तो सूर लागला की किंचित सैल सोडायचं, बोल्ट आवळायचा, झालं काम. परवा तसंच केलं. ताणला, चालू केली — गायला नाही. अजून ताणला — नाही गायला. मग अजून...

तो टॉर्च द्या जरा इकडे.

काही नाही, बघतोय. दोन पुल्यांच्या मध्ये बेल्ट चिमटीत धरून पिळायचा, काटकोनात वळला पाहिजे. हा — हा हलतच नाहीये. तारेसारखा झालाय. — झालं असतं काय म्हणजे? असाच पळवला असतात तर आधी बेअरिंग गेलं असतं, मग बेल्ट, मग व्हॉल्व्ह वाकून इंजिनाचं भंगार, तेही भर रस्त्यात, मुलंबाळं गाडीत असताना. ऐकलंत? मी सांगतोय, माझ्या तोंडाने. लपवत नाहीये.

ते शिलाई मशीन दिसतंय, दाराशी? बायकोचं आहे. मी बेल्ट ताणायला घेतला की तिथून, मान वर न करता, म्हणायची — "बास!" मी चिडायचो. तू तुझी शिलाई बघ, म्हणायचो, मला शिकवू नकोस. आणि हात मात्र थांबायचा. किती वर्षं... सात? आठ? मला वाटायचं, सूर मीच ऐकतोय. सूर तुम्हाला नाही, मला ऐकू येतोय, असं तीही कधी बोलली नाही, इतक्या वर्षांत एकदाही नाही.

असं बघू नका माझ्याकडे. दया नकोय मला. बोटं शाबूत आहेत माझी, बोटांनीच अंदाज घेत सैल केलाय आता — घ्या, तुम्ही पिळून बघा. वळला ना काटकोनात? टेन्शनरचं बेअरिंगही फिरवून पाहिलं, गुळगुळीत आहे. चला, बसा गाडीत. चालू करा. रेस द्या. माझं मन राखायला मान हलवू नका हं, मास्तर — आहे शिट्टी की गेली? परत द्या. अजून. ...गेली? नक्की? मग गेली.

आणि ज्याला सांगायचंय त्याला खुशाल सांगा, मिस्त्री बहिरा झालाय म्हणून. ज्याला दुसरीकडे जायचंय त्याने जावं. मी दुकान बंद करणार नाही, पाना खाली ठेवणार नाही. उद्यापासून माप लावून ताणेन, नाहीतर बोटांनी ताणेन, पण ताणेन मीच.

खिडकीकडे काय हात करताय? — फोन? माझा? वाजतोय? ...केव्हापासून? मघापासून वाजतोय आणि तुम्ही आत्ता सांगताय!

तिचाच असणार.

उभे का राहिलात? गाडी झालीय तुमची. निघा, मास्तर. निघा म्हटलं ना.