ठिपक्यांची रेघ

सून : आई, परत पहिल्या पानापासून? उद्या सकाळी टेम्पो दारात येईल आणि अजून भांडीसुद्धा बांधून झालेली नाहीत.

सासू : मग काय मधूनच घुसायचं? पोथी कुणी मधूनच उघडतं का?

सून : ही पोथी नाही, पाण्याच्या बोगद्याची माहिती आहे. माझ्या वर्गातली मुलं असली पुस्तकं मागून उघडतात. शेवटी सूची असते, कोणता शब्द कोणत्या पानावर ते सांगणारी.

सासू : बघितली. तुझ्या सासऱ्यांचं नाव नाही त्यात. इंजिनिअरसाहेबांचं आहे. त्यांच्या कुत्र्याचंसुद्धा आहे.

सून : नावानं नका शोधू. ‘दुर्घटना’ बघा.

सासू : तू बघ. त्या शब्दावर माझं बोट ठरत नाही.

सून : हे पान. मथळा आहे, ‘ढासळलेला भाग’. खाली एवढंच, ‘आतील मजुरांना बाहेर काढणे अशक्य ठरल्याने तो भाग कायमचा बुजवण्यात आला.’

सासू : एवढं तर कंपनीचा माणूस दारात उभ्याउभ्या सांगून गेला होता, चहासुद्धा न घेता. बुजवला कुठे, ते विचार तुझ्या पुस्तकाला. हे घर सोडायच्या आत मला तेवढं कळू दे. रोज पहाटे ठोकतात गं ते.

सून : पाइप वाजतात, आई.

सासू : असतील पाइप. मी अभंग धरला की गप्प बसतात, गुणी आहेत बिचारे.

सून : अहो, शेजारच्या पानावर नकाशा आहे की. हा नाही पाहिलात?

सासू : चित्रं पोरांसाठी असतात. उलटून टाकली मी.

सून : मजकुरात नसतं ते पुष्कळदा चित्रात असतं. हा डोंगर. हे पायथ्याशी बोगद्याचं तोंड.

सासू : तिथेच दगड बसवलाय त्यांच्या नावाचा. दरवर्षी फुलं ठेवून येते.

सून : ही जाड रेघ म्हणजे बोगदा. ही... डोंगरात शिरतच नाही. वळून गावाखाली येते, टाकीकडे. हा बाजार, ही शाळा. पुढे रेघ ठिपक्यांची झालीये.

सासू : ठिपके कशाला?

सून : कोपऱ्यातल्या चौकटीत खुणांचे अर्थ दिलेत. ठिपके म्हणजे...

सासू : थांबलीस का? वाच.

सून : बुजवलेला भाग.

सासू : कुठे येतात ते?

सून : बेकरीमागच्या गल्लीत. आपल्या.

सासू : माझं बोट धर आणि ठेव तिथे.

सून : इथे. घरांची ओळ संपते तिथे.

सासू : म्हणजे ही खोली.

सून : जुना नकाशा आहे, आई. थोडं इकडचं तिकडे असेल.

(सासू पुस्तक मिटत नाही. मांडीवर तसंच धरून बसते.)

सासू : इतकी वर्षं मी डोंगराकडे तोंड करून बोलत राहिले. त्यांना माझी पाठच दिसली असेल.

सून : टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगू का?

सासू : उद्याचं उद्या. ती खोकी बाजूला सरकव, सतरंजी अंथर आणि बस इथे.

सून : मी?

सासू : तू नाही तर कोण? लग्न होऊन या घरात आलीस, पण सासऱ्यांशी तुझी ओळख करून द्यायची राहूनच गेली.