उजव्या खांद्याची भरपाई

...आणि लसीची सुई कुठे खुपसावी? दंडात नाही, थेट खांद्याच्या सांध्यात! मी खुर्चीत, नर्सबाई उभी, शर्टाची कॉलर ओढली आणि दिली वरच्यावर ठोकून. म्हटलं, बाई, जरा खाली. तर म्हणते, "चला, पुढचा कोण?"

घरी पोचेपर्यंत हात गेला. म्हणजे आहे जागेवर, पण तुम्हाला सांगतो, वर जात नाही! आता मी खाटीक माणूस. सत्तूर उचलायला गेलो की खांद्यात कुणीतरी आकडा अडकवून ओढतंय, डोळ्यांपुढे काजवे... सत्तूर वर गेलाच नाही तर हाडावर काय आपटू, डोकं? दुकान बंद पडायची वेळ आली.

वकीलबाई म्हणाल्या, "लसीनं खांदा गेला तर कायद्यात भरपाई आहे. फक्त दुखणं दोन दिवसांत सुरू झालं हे दाखवायला लागेल. डॉक्टरकडे कधी गेलात?" महिन्यानं! एवढ्याशा सुईला डॉक्टरकडे पळायला मी काय कुकुलं बाळ आहे? "मग त्या दोन दिवसांत कुणी पाहिलं?" मी बायकोकडे बघतो. बायको म्हणते, "माझ्या भावानं."

पाहिलं कसलं, खाल्लं! हा मेहुणा माझ्या दुकानात मदतीला असतो, म्हणजे गिऱ्हाइकांशी गप्पा हाणायला असतो. लस घेतली त्याच्या दुसऱ्याच दिवशी यानं बोकडाची अख्खी मांडी वेडीवाकडी तोडली. माझं डोकं सटकलं. एक ठेवून द्यावी म्हणून हात उचलतोय, तर वर जात नाही! मग डाव्यानं दिली. आता डाव्याला अंदाज कुठला? गालावर बसायची ती जबड्यावर बसली, दोन दात तराजूत.

झालं, तोच माझा साक्षीदार. सुनावणीला उभा राहिला आणि जो सुटला... "साहेब, दाजी मला सहा वर्षं मारतायत, पण कायम उजव्यानं. गिऱ्हाईक कमी आलं, उजव्यानं. सुरा बोथट निघाला, उजव्यानं. त्या दिवशी डावी आली, तेव्हाच म्हटलं, दाजींच्या खांद्याला काहीतरी झालंय." वर तोंड उघडून खिंडार दाखवलं. आणि मी मान डोलावतोय! हो साहेब, रोज मारायचो साहेब, अगदी नेमानं साहेब... सगळं लिहून घेतलं, मी खाली सही ठोकली.

भरपाई मंजूर! आणि पैसे हातात पडायच्या आत मेहुण्याचा माझ्यावर दावा. जबड्याची भरपाई. पुरावा? माझीच सही!

न्यायाधीश त्याला विचारतात, "हे अजूनही मारतील अशी भीती वाटते?" म्हटलं, थांबा, मलाही बोलायचंय, म्हणून हात वर केला. डावा, कारण उजवा वर जात नाही! तर हा पठ्ठ्या दोन्ही हातांनी डोकं झाकून बाकाखाली. आणि त्याच्या शेजारी... माझी बायको. तीही बाकाखाली.

सगळे हसले. मग कुणीच हसेना. बाई गं, तू कशाला वाकलीस, असं विचारणार होतो... नाही विचारलं. मला माहीत होतं ना.

पैसे सगळे त्याला गेले. सत्तूर आता तो चालवतो, मी गल्ल्यावर बसतो. अजून मांडी वेडीवाकडीच तोडतो, मी नुसता बघतो. घरी भांडंसुद्धा आपटत नाही. परवा शेजारीण बायकोला विचारत होती, "यांना त्या लसीचा त्रासच झाला म्हणे?"

बायको म्हणाली, "छे हो. चांगली लागू पडली."